व्याह्यांची वंशावळ १६२०पर्यंत, आपली पणजोबांपर्यंत

प्रश्न : माझ्या मुलाने मॅसॅच्युसेट्समधल्या अमेरिकन मुलीशी लग्न केलं. व्याही निवृत्त झाल्यापासून वंशावळीच्या मागे आहेत. त्यांचे पूर्वज १६२० साली इंग्लंडहून वसाहत करायला निघालेल्या मेफ्लॉवर जहाजातून आले, असं ते सांगतात. आता नातीसाठी दोन्ही घरांची एकत्र वंशावळ करायची म्हणून ते आमच्याकडची नावं मागताहेत. आम्हाला पणजोबांच्या मागचं काहीच ठाऊक नाही. फार ओशाळं वाटतं. काय पाठवू?
– एक आजी, न्यू जर्सी

उत्तर : ताई, ओशाळण्यासारखं यात काहीच नाही. पूर्वज दोन्हीकडे तितकेच जुने. त्यांच्याकडचे कागद वेळेवर लिहिले गेले आणि एका जागी जमले, एवढंच. जन्म, लग्न, मृत्यू गावदप्तरी नोंदवायचे हा नियम मॅसॅच्युसेट्समध्ये १६३९ सालीच झाला. बोस्टनमध्ये निव्वळ वंशावळींसाठी काम करणारी संस्था १८४५पासून आहे, मेफ्लॉवरच्या वंशजांची संस्था १८९७पासून. व्याह्यांना वाट बरीचशी तयार मिळाली.

तरी त्यांना एक गोष्ट आपुलकीने विचारा : प्रत्येक पिढीत अमक्याचा मुलगा अमका, हे कोणत्या कागदावरून ठरवलं? मेफ्लॉवरमधून शंभरेक माणसं आली आणि त्यातली जवळपास निम्मी पहिल्याच हिवाळ्यात गेली. म्हणूनच ती संस्था सभासद करून घेताना पिढीगणिक पुरावा मागते. इंटरनेटवरच्या वंशावळी मात्र बऱ्याचदा एकमेकींवरून उतरवलेल्या असतात. अमेरिकेच्या १७९० ते १८४०च्या जनगणनांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आहे, बाकीच्यांचे नुसते आकडे. १८९०ची जनगणना आगीमुळे जवळजवळ सगळी गेली. तारखांचाही घोळ आहे. १७५२पर्यंत तिथलं कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू व्हायचं. त्यामुळे जॉर्ज वॉशिंग्टन यांचा जन्म जुन्या गणनेने ११ फेब्रुवारी १७३१ आणि आजच्या गणनेने २२ फेब्रुवारी १७३२! हे लक्षात आलं नाही तर एकाच माणसाची दोन माणसं होतात.

आता आपल्याकडचं. सुरुवात नातीपासून करा आणि एकेक पिढी मागे जा. आजोबांच्या शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा मिळतो का पाहा. जन्मतारीख आणि गाव तिथे सापडतं. गावी शेत असेल किंवा पूर्वी असेल, तर नुसत्या सातबाऱ्यावर थांबू नका. त्यावर फेरफार क्रमांक, म्हणजे जमिनीच्या हक्कात बदल झाल्याच्या नोंदींचे क्रमांक, लिहिलेले असतात, ते फेरफार काढा. ‘खातेदार मयत, वारस मुलगे अमुक, मुली अमुक, विधवा अमुक’ अशी वारसनोंद एका कागदात दोन पिढ्या जोडून देते. माझ्या मते मराठी घरासाठी याहून भरवशाचा कागद नाही, आणि तो मागताना जात-गोत्र सांगावं लागत नाही. बरेच जुने अभिलेख आता सरकारच्या ‘आपले अभिलेख’ संकेतस्थळावर स्कॅन केलेले आहेत, म्हणजे शोध न्यू जर्सीत बसूनही सुरू करता येतो. त्याच्या मागे गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदवह्या, म्हणजे गाव नमुना १४, तहसीलच्या अभिलेख कक्षात विचारा. जुनी पानं मोडीत असतात, तेव्हा मोडीवाचक गाठावा लागेल. २०२३ साली कुणबी नोंदी शोधताना असलेच गठ्ठे उघडून पाहिले गेले होते.

घरातलं कोणी त्र्यंबकेश्वरला किंवा नाशिकला विधीसाठी गेलं असेल, तर तीर्थोपाध्यायांच्या वहीत नावं निघू शकतात. तिथे आडनाव आणि मूळ गाव सांगावं लागतं. मूळ गाव म्हणजे पुण्यातला फ्लॅट नव्हे, पणजोबा जिथून निघाले ते गाव. तुमच्या आडनावाचा कुलवृत्तान्त छापला गेला असेल तर तोही पाहा, पण त्यातल्या नोंदी फेरफारांशी ताडून घ्या.

सगळ्यात जास्त जीव तोडून सांगायचं ते बायकांबद्दल. आपल्या कित्येक वंशावळींत मुली नाहीतच, आणि सुना आहेत त्या सासरच्या नावाने. तुमच्या सासूबाईंचं लग्नात नाव बदललं असेल, तर माहेरचं नाव, माहेरचं आडनाव आणि माहेरचं गाव आजच लिहून ठेवा. हे सांगणारी एखादी आत्या किंवा मावशी हयात असेल, तर याच रविवारी व्हिडिओ कॉल लावा आणि तिची परवानगी घेऊन रेकॉर्ड करा. कागद पुढच्या वर्षीही मिळतील, आत्याबाईंचं तसं नाही. व्याह्यांनाही हेच सांगा : न्यू इंग्लंडच्या जुन्या नोंदींत ‘जॉनची बायको मेरी’ एवढंच असतं, तिचं माहेर बहुधा तिच्या वडिलांच्या मृत्युपत्रात सापडतं.

दत्तक गेलेला मुलगा, दुसरं लग्न, तुटलेली शाखा यांतलं काही गाळू नका. त्यांच्याकडची एखादी शाखा अमेरिकेच्या दक्षिणेतली निघाली, तर १८५० आणि १८६०च्या गुलामांच्या याद्याही बघायला सांगा. तिथे मालकाचं नाव असतं. गुलामांचं बहुतेक ठिकाणी फक्त वय, लिंग आणि त्वचेचा रंग. नात मोठी झाल्यावर हे तिला घरातूनच कळलेलं बरं.

जाहीर वंशावळीत हयात माणसांची नावं आणि जन्मतारखा टाकू नका, तिकडच्या बँका आईचं माहेरचं आडनाव सुरक्षाप्रश्न म्हणून विचारतात. फॅमिलीसर्च हे मोफत संकेतस्थळ हयात व्यक्ती झाकून ठेवतं. तरी घरच्यांसाठी पूर्ण आणि बाहेरच्यांसाठी फक्त दिवंगतांची, अशा दोन प्रती करा.

व्याह्यांना आत्ता चार पिढ्याच पाठवा. प्रत्येक नाव देवनागरीत आणि रोमनमध्ये, रोमन स्पेलिंग पासपोर्टवर असेल तेच. मराठी नावात मधलं नाव वडिलांचं किंवा नवऱ्याचं असतं, हे वरच लिहा, नाहीतर ते मिडल नेम समजून भलतीकडेच शोधत बसतील. आणि नावापुढे ते कुठून कळलं तेही लिहा : फेरफार, शाळेचा दाखला, किंवा नुसतं ‘आत्याने सांगितलं’.