आधी वस्तुमान जुळव

प्रिय पोरी,

तुझा मेसेज दोनदा वाचला. महापोकळीतल्या, म्हणजे विश्वातल्या जवळपास रिकाम्या अफाट प्रदेशांतल्या, आणि गर्दीतल्या दीर्घिकांच्या रंगांचा आलेख काढलास, फरक ठळक दिसला, हरखलीस. मग वस्तुमान जुळवलंस, म्हणजे सारख्या वस्तुमानाच्याच दीर्घिका ताडून बघितल्यास, आणि फरक जवळपास विरघळला. आता विचारतेस, "सर, विषयातच दम नाही, बदलू का?" त्यात पुण्याच्या मैत्रिणीचा पेपर आला, ती ठसठस वेगळीच.

बदलू नकोस.

पोकळीतल्या दीर्घिका निळ्या असतात, वायूने भरलेल्या असतात, जोमाने तारे घडवतात, हे कुणीही सांगेल. पण त्यातल्या बहुतेक मुळात लहान, आणि लहान दीर्घिका बाहेरही बहुधा निळ्याच. मग निळेपणा जागेचा की आकाराचा? वाण एकच धरल्याशिवाय काळ्या रानातला आणि मुरमाडातला सोयाबीनचा उतारा ताडून बघता येत नाही, हे जिंतूरच्या पोरीला मी शिकवायचं का? आधी वस्तुमान जुळव, मग बोल.

१९८१ साली खगोलशास्त्रज्ञ कर्शनर आणि सहकाऱ्यांना भूतप तारकासमूहाच्या दिशेला सुमारे ३३ कोटी प्रकाशवर्षं रुंदीची पोकळी सापडली. पुढे तिच्यात दीर्घिका मिळाल्या त्या साठेक. एवढ्यांतून गट पाडणार काय आणि जुळवणार काय! स्लोन हे आकाशाचं मोठं सर्वेक्षण आलं, तेव्हा कुठं हजारोंनी हाती लागल्या. २०२३ मध्ये पोकळीतल्या दीर्घिका अभ्यासणाऱ्या कॅव्हिटी प्रकल्पाच्या मंडळींनी 'नेचर'मध्ये जे छापलं, ते पुन्हा वाच. आजच्या रंगावर ते थांबले नाहीत. वर्णपटावरून ताऱ्यांची वयं काढली, कुठल्या काळात किती तारे घडले ते मांडलं. पोकळीतल्या दीर्घिकांनी सरासरी सावकाश तारे घडवलेत. काहींची सुरुवात तर सगळीकडे सारखीच, परिसराचा परिणाम उशिरा दिसतो. तुझा फरक तिथं शोध, इतिहासात.

कारणंही डोळ्यांसमोर ठेव. दीर्घिकांच्या दाट समूहातल्या तप्त वायूतून धावताना दीर्घिकेचा स्वतःचा वायू ओरबाडला जातो. पोकळीत ते संकट नाही, टकराही कमी. व्हीजीएस १२ बघ: दोन पोकळ्यांमधल्या पातळ भिंतीतली छोटी दीर्घिका. तिच्या चकतीला काटकोनात हायड्रोजनची दुसरी, मोठी चकती फिरते, आणि त्या चकतीत तारे दिसत नाहीत. ताऱ्यांची मूळ चकती मात्र जशीच्या तशी, धक्क्याची खूण नाही. थंड वायू बाहेरून हळूहळू येत राहिला असावा. मला तर हे एकच चित्र बघून जन्मभर पुरलं असतं.

आणि "मराठवाडा म्हणजे पोकळीच" हे तुझं वाक्य खोडून टाक. पोकळी अनुशेष मागत नाही. असल्या उपमांनी टाळ्या मिळतात, प्रबंध होत नाही.

तरी, विषय निघालाच म्हणून. मी अंबाजोगाईत राहिलो. मोठ्या दुर्बिणीवर एक रात्र मिळाली नाही, ते सलतं. सोबतचे परदेशी गेले, भेटले की विचारतात, "तिकडं काय केलंस रे?" त्यांच्याकडे ग्रंथालय, गाईड, शिष्यवृत्ती, माझ्याकडे बीएस्सीच्या तासिका, परीक्षेचे गठ्ठे आणि भारनियमन. म्हणावं, आधी वस्तुमान जुळवा, मग विचारा! तुमच्यासारखी पोरं इथूनच वर्णपट वाचायला शिकली, ते कुणी मोजलं? जाऊ दे. हे तुझ्यासाठी नव्हतं.

तू फक्त वस्तुमान जुळवलंस, अंतर नाही. स्लोनच्या मूळ सर्वेक्षणाचं फायबर, म्हणजे प्रकाश गोळा करणारा काचतंतू, आकाशात ३ कोनीय सेकंदांचाच तुकडा बघतं, म्हणजे जवळच्या दीर्घिकेचा नुसता मध्यभाग, लांबच्या दीर्घिकेचा मात्र बराच मोठा भाग. तो म्हातारा आणि कडा तरुण असली तर? म्हणूनच कॅव्हिटीवाले स्पेनमध्ये कालार आल्तोच्या ३.५ मीटर दुर्बिणीने दीर्घिकेचा कानाकोपरा टिपतायत. त्यांचा पहिला डेटा खुला झालाय, उतरवून घे. वस्तुमान आणि अंतर, दोन्ही जुळवून नवा आलेख रविवारपर्यंत पाठव. अक्षांवर एककं लिही, गेल्या वेळी नव्हती.

तुझा,
सर