लाल म्हणून विकले, पिल्लं मातकट निघाली

प्रश्न: मी चाळीसगावला घरी लाल चेरी श्रिंप (काचेच्या टाकीत पाळायची इवलीशी कोळंबी) वाढवते. ९ फेब्रुवारीला धुळ्याच्या एका दुकानदाराला ४० रुपयांप्रमाणे ६० नग विकले. ‘ब्रीडिंगसाठी हवेत’ असं त्यांनी व्हॉट्सॲपवर विचारलं, मी ‘शुद्ध लाल’ असं उत्तर दिलं. आता त्यांच्याकडे मातकट पिल्लं निघाली. १४ मार्चला टाकी साफ करताना मला बदामाच्या पानाखाली दोन निळे श्रिंप सापडले. दिवाळीत निळ्यांच्या टाकीतला मॉसचा (पाणशेवाळाचा) गठ्ठा लालमध्ये टाकला होता, त्यातूनच आले असणार. ८५,००० रुपयांची नोटीस आलीय, फसवणुकीचा गुन्हा दाखल करू, ग्राहक आयोगात जाऊ म्हणतात. आता काय करू?

उत्तर: ताई, आधी पोलिसांची भीती बाजूला ठेवा. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खालच्या फसवणुकीला मुळात बेइमानीचा हेतू लागतो. विकताना तुम्हाला निळ्यांचा पत्ताच नव्हता, तर तो हेतू कुठून आणणार? १४ मार्चचा फोटो मोबाइलमध्ये असेल तर तो आणि सगळं चॅट जसंच्या तसं ठेवा, काहीही पुसू नका. एक मात्र खरं सांगा, ९ फेब्रुवारीच्या आधी एखादं तपकिरी पिल्लू दिसलं होतं का? दिसलं असेल, तर उत्तर वेगळं लिहावं लागेल.

पैशांच्या बाबतीत मात्र ‘मला माहीत नव्हतं’ एवढ्यावर भागत नाही. १९३० च्या मालविक्री कायद्याच्या कलम १५ प्रमाणे वर्णनावर विकलेला माल त्या वर्णनाबरहुकूम असावाच लागतो, विकणारी प्रामाणिक असली तरी. ‘ब्रीडिंगसाठी’ हे त्यांनी आधी कळवलं होतं, हेही तुमच्या विरोधात जातं. लाल आणि निळे रंगाने वेगळे असले तरी जात एकच, निओकॅरिडिना डेव्हिडी. एकत्र राहिले की जोड लागते आणि पिल्लं मूळच्या रानटी तपकिरी-पारदर्शक रंगावर जातात. आई लालभडक असली तरी पोटाखालच्या अंड्यांचा बाप निळा असू शकतो.

आणि इथेच तुमचा खरा बचाव आहे. मादी कात टाकल्यावर लगेच जोड घेते, अंडी साधारण तीन-चार आठवडे पोटाखाली वागवते. ९ फेब्रुवारीला पोटाखाली असलेली अंडी मार्चच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत फुटायला हवीत, आणि त्यांचा बाप तुमच्या टाकीतला. त्यानंतरची पिल्लं बहुतेक त्यांच्या टाकीत लागलेल्या जोडीची. तिथे बाप तुमच्याकडून गेलेला लाल नरच होता, की त्यांनी दुसऱ्या रंगाचे श्रिंपही त्याच टाकीत ठेवले होते? नोटिशीत नुसतं ‘मार्चअखेर पिल्लं दिसली’ एवढंच आहे. पिल्लं पहिल्यांदा कधी दिसली, पाठवलेल्या माद्यांपैकी किती अंड्यांवर होत्या, आणि टाकीत दुसरा रंग होता का, हे तिन्ही प्रश्न उत्तरात ठणकावून विचारायचे.

८५,००० चा आकडा मला पटत नाही. करार कायद्याच्या कलम ७३ नुसार भरपाई मिळते ती त्या चुकीतून सरळ होणाऱ्या किंवा करार करताना दोघांनाही अपेक्षित असलेल्या नुकसानीची. नुकसान आवरायला त्यांनी काय केलं, हेही पाहिलं जातं. तपकिरी पिल्लं दिसूनही त्यांना लालमध्येच वाढू दिलं असेल, तर पुढच्या पिढीचा भार तुमच्यावर टाकता येणार नाही. ग्राहक आयोगाचा धाकही आत्ताच मनावर घेऊ नका. दुकानात विकण्यासाठी घेतलेल्या मालाला ग्राहक संरक्षण कायदा सहसा लागू होत नाही. स्वयंरोजगारातून पोट भरणाऱ्याला सूट आहे, पण तसं आहे हे त्यांनी दाखवायचं.

माझं स्पष्ट मत, सगळंच नाकारू नका. दोन निळे सापडले हे लपवून पुढे कोर्टात उघड झालं, तर तुमच्या बाकीच्या शब्दालाही किंमत राहणार नाही. ‘आमच्या हक्कांना बाधा न येता’ असं लिहून २,४०० रुपये परत द्यायची तयारी दाखवा. बदली श्रिंप देऊ करायचे, तर तुमची टाकी दोन-तीन पिढ्या शुद्ध राहिल्याशिवाय नको. आणि उरलेले मातकट श्रिंप गिरणेत किंवा कालव्यात सोडू नका, ही आपल्या पाण्यातली जात नाही.

नोटीस ३ एप्रिलला मिळाली आणि तीत १५ दिवस दिलेत, म्हणजे १८ तारखेच्या आत उत्तर स्पीड पोस्टाने गेलं पाहिजे. नोटिशीची प्रत आणि १४ मार्चचा फोटो उद्याच पाठवा.