वाचकांचे प्रश्न : वार आधी की बाळ आधी?

प्रश्न : शेवटच्या पाळीपासून सहा आठवडे झाल्यावर योनीमार्गातून सोनोग्राफी केली. रिपोर्टमध्ये ‘गर्भाशयात सॅक (गर्भ ज्यात वाढतो ती पाण्याची पिशवी) आणि योक सॅक (तिच्या आतली छोटी गोल पिशवी) दिसते, गर्भ दिसत नाही’ असं आहे. बाळाआधीच वार (प्लासेंटा) तयार होते का? आणि तोवर गर्भ पोसला कसा जातो?

उत्तर : आधी आठवड्यांचा हिशेब बघू. आठवडे पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजतात, पण गर्भ राहतो साधारण दोन आठवड्यांनी. कागदावर सहा आठवडे असले, तरी गर्भ चारच आठवड्यांचा. तुमची पाळी लांबत असेल, तर त्याहूनही लहान.

वारेची तयारी मात्र खरंच आधी सुरू होते. गर्भ राहिल्यापासून पाचव्या दिवशी तो म्हणजे पेशींचा पोकळ गोळा असतो. आतल्या मोजक्या पेशींपासून बाळ घडतं, बाहेरच्या थरापासून वार. सहाव्या-सातव्या दिवशी गोळा गर्भाशयाच्या अस्तराला चिकटतो. बाहेरच्या पेशी अस्तरात शिरतात आणि एचसीजी हे संप्रेरक सोडू लागतात. चाचणीतली दुसरी रेघ त्यामुळेच उमटते. म्हणूनच गर्भाची वाढ थांबली, तरी चाचणी काही दिवस पॉझिटिव्ह येत राहते; ती घरी पुन्हा पुन्हा करण्यात अर्थ नाही.

पोषणाचं म्हणाल, तर पहिले सुमारे दहा आठवडे आईचं रक्त वारेत मोकळं वाहतच नाही. वारेच्या पेशी आईच्या रक्तवाहिन्यांच्या तोंडाशी बूच मारून बसलेल्या असतात. तेवढ्या काळात गर्भ अस्तरातल्या ग्रंथींच्या स्रावावर वाढतो. ऑक्सिजन कमी मिळतो, आणि कोवळ्या पेशींना तेच मानवतं. बुचं दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमारास निघतात. त्यानंतरही आईचं आणि बाळाचं रक्त एकमेकांत मिसळत नाही. मधल्या पातळ पडद्यातून देवाणघेवाण होते.

आता तुमचा रिपोर्ट. सॅक साधारण पाचव्या आठवड्यात दिसते, योक सॅक साडेपाचव्या, गर्भ आणि त्याची धडधड सहाव्याच्या आसपास. तुम्ही नेमक्या उंबरठ्यावर आहात. सॅकचा सरासरी व्यास 25 मिमी किंवा जास्त असून गर्भ नाही, किंवा गर्भ 7 मिमी वा मोठा असून धडधड नाही, तरच एका सोनोग्राफीवरून वाढ थांबली असं खात्रीने म्हणता येतं. तुमच्यासारखी योक सॅक दिसलेली असेल, तर 11 दिवसांनी किंवा त्यानंतर पुन्हा सोनोग्राफी करावी. तेव्हाही धडधड असलेला गर्भ दिसला नाही, तर निदान पक्कं. एवढं होण्याआधी पिशवी साफ करायची घाई नको. मधल्या काळात खूप रक्तस्राव, असह्य पोटदुखी किंवा चक्कर आली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा.

प्रश्न : बाराव्या आठवड्यात वार खाली आहे म्हणतात. झोपून राहावं का?

उत्तर : नको, झोपून वार वर सरकत नाही. गर्भाशयाचा खालचा भाग पुढे ताणत वाढतो, तसं बहुतेकींच्या वारेचं गर्भाशयाच्या तोंडापासूनचं अंतर आपोआप वाढतं. विसाव्या आठवड्याच्या सोनोग्राफीत तरीही खाली दिसली, तर बत्तिसाव्याला पुन्हा बघतात. आधी सिझेरियन झालं असेल आणि वार त्या व्रणावर असेल, तर ते डॉक्टरांना लगेच सांगा. तिथे ती खोल रुतण्याचा धोका असतो.