सिंगल सेल सिक्वेन्सिंग वापरून मुळांची बुरशीविरुद्धची लढाई कशी अभ्यासतात? ठाण्यात राहून यात शिरता येईल का?

तुम्ही वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहात, मुरबाडला मामांच्या बांधावरची तूर दरवर्षी मर लागून जाते, आणि वर्गात या तंत्राचं नाव ऐकल्यापासून दोन्ही गोष्टी तुमच्या डोक्यात एकत्र आल्यात. मी महाप्याला एका प्रयोगशाळेत अशाच डेटावर काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तूर. मर लागलेल्या झाडाचं खोड उभं चिरून बघा, सालीखाली काळपट रेघा दिसतील. फ्युजेरियम उडम ही बुरशी मातीतून मुळात शिरते, झायलमपर्यंत, म्हणजे पाणी वर नेणाऱ्या नळ्यांपर्यंत, पोचते आणि पाण्याची वाट अडवते. त्यामुळे जमिनीत ओल असतानाही झाड सुकतं. झाडाकडे रक्तातून फिरणाऱ्या पांढऱ्या पेशी नाहीत. बुरशीच्या भित्तिकेतलं, म्हणजे पेशीभोवतीच्या कडक आवरणातलं, कायटिन नावाचं द्रव्य ओळखायचं आणि बचाव सुरू करायचा, हे ज्या त्या पेशीलाच करावं लागतं. म्हणून नेमक्या कुठल्या पेशीने काय केलं, हाच खरा प्रश्न आहे.

पूर्वी अख्खं मूळ वाटून आरएनए, म्हणजे चालू असलेल्या जनुकांच्या प्रती, काढायचे. ते म्हणजे सगळ्या सोसायटीचं एकच वीजबिल हातात येणं, एसी कोणाचा चालू होता ते त्यातून कळत नाही. बुरशीचा स्पर्श मोजक्या पेशींनाच होतो आणि त्यांचा आवाज सरासरीत बुडतो. सिंगल सेल पद्धतीत प्रत्येक पेशी तेलातल्या वेगळ्या थेंबात, बारकोड (ओळखीचा डीएनए तुकडा) असलेल्या मण्यासोबत अडकवतात. त्या पेशीच्या प्रत्येक एमआरएनएला, म्हणजे जनुकाचा संदेश नेणाऱ्या आरएनएला, तोच बारकोड लागतो. मग सगळं एकत्र सिक्वेन्स केलं, म्हणजे त्यातला अक्षरक्रम वाचला, तरी कुठला रेणू कुठल्या पेशीचा हे संगणक सांगतो. 2019 मध्ये अनेक प्रयोगशाळांनी ॲराबिडॉप्सिस या संशोधनात नेहमी वापरल्या जाणाऱ्या छोट्या रोपाच्या मुळाचे, कुठल्या पेशीत कुठली जनुकं चालू असतात ते सांगणारे नकाशे प्रसिद्ध केले. तुरीचा जनुकसंच 2012 पासून उपलब्ध आहे, त्यामुळे पायाभूत माहिती आपल्या पिकासाठीही आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी लिहायला बसलो ती. पेशी सुट्या करायच्या तर त्यांची भित्तिका विरघळवावी लागते. त्यासाठी मुळं बारीक कापून सेल्युलेज आणि मॅसरोझाइम या विकरांच्या (एन्झाइमच्या) द्रावणात ठेवतात. सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर लांबट, चौकोनी पेशींचे गोल गोल फुगे झालेले दिसतात. मूलरोम कुठला आणि अंतस्त्वचा कुठली, काही ओळखू येत नाही. पण ही विकरं येतात कुठून? नेहमी वापरलं जाणारं सेल्युलेज ट्रायकोडर्मापासून बनतं, मॅसरोझाइम ऱ्हायझोपसपासून. दोन्ही बुरश्याच! भित्तिकेचे तुकडे पडले की वनस्पती ते हल्ल्याची खूण मानते, आणि ट्रायकोडर्माचं एक झायलनेज तर बचाव चेतवणारं म्हणून प्रसिद्धच आहे. म्हणजे निरोगी मूळसुद्धा या द्रावणात पडलं की बचावाची जनुकं चालू करतं. बुरशीला दिलेलं उत्तर मोजायला जावं तर पद्धतीला दिलेलं उत्तर हाती येतं.

हा परिणाम किती नाजूक असतो बघा. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या संशोधकांनी 2020 मध्ये दाखवलं की मुळातली एखादी पेशी लेसरने मारली तर एरवी गप्प असणाऱ्या शेजारच्या पेशी जिवाणूंच्या शेपटीतल्या फ्लॅजेलिन या प्रथिनाच्या तुकड्याला प्रतिसाद देऊ लागतात. एका पेशीच्या इजेने हे होतं, इथे तर आपण सगळं मूळ फोडतोय.

विकरांमुळे चालू होणाऱ्या जनुकांची यादी करून ती वगळावी, हा नेहमीचा उपाय. मूळ कसं वाढतं याच्या अभ्यासात तो चालतो. बचावाच्या अभ्यासात मात्र त्या यादीतच आपल्याला हवी ती जनुकं असतात, त्यामुळे मला तो पटत नाही. दुसरा तोटा असा की लाकडाला कडकपणा देणारं लिग्निन चढवून ज्या पेशींनी स्वतःला भक्कम केलं, त्या विकरांनी नीट सुटतच नाहीत, म्हणजे चांगला बचाव करणाऱ्याच गळतात. म्हणून मी केंद्रकांच्या बाजूचा आहे. मूळ लगेच द्रव नायट्रोजनमध्ये गोठवायचं, चिरून केंद्रकं गाळायची आणि त्यातला आरएनए वाचायचा. रेणू कमी मिळतात, पण जे मिळतात ते गोठवल्या क्षणाचे असतात.

आणखी एक. हजारो पेशी मिळाल्या म्हणजे हजारो पुरावे मिळाले असं नाही. एकाच ट्रेमधल्या रोपांच्या पेशी असतील तर तो एकच नमुना. वेगवेगळे ट्रे, वेगवेगळ्या वेळची लागण हवीच.

ठाण्यात राहून शिरता येईल का? नक्की येईल. प्रत्यक्ष प्रयोगाचा खर्च एका नमुन्यालाही सहज लाखांत जातो, तो नाद सध्या सोडा. अमेरिकेच्या एनसीबीआय या सरकारी संस्थेच्या जिओ (GEO) या जनुकीय डेटाच्या संग्रहातून ॲराबिडॉप्सिसच्या मुळाचा डेटा फुकट उतरवता येतो. विश्लेषणाची सॉफ्टवेअर स्कॅनपाय (Scanpy) किंवा स्यूरा (Seurat), दोन्ही फुकट आहेत. सोळा जीबी रॅमचा लॅपटॉप सुरुवातीला पुरतो. आधी प्रसिद्ध झालेला नकाशा स्वतः पुन्हा काढून बघा.

सोबत कॉलेजच्या प्रयोगशाळेत एक काम कराच. मामांच्या शेतातली तूर आणि मर रोगाला प्रतिकारक म्हणून शिफारस झालेली बीएसएमआर 736 ही तुरीची जात, दोन्ही त्याच शेतातल्या मातीत कुंडीत लावा. ठराविक दिवसांनी मुळाचे पातळ छेद घ्या. फ्लोरोग्लुसिनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्लाने लिग्निन लाल होतं, लॅक्टोफेनॉल कॉटन ब्लूने बुरशीचे तंतू निळे दिसतात. मात्र झायलम निरोगी मुळातही लालच असणार, म्हणून प्रत्येक वेळी निर्जंतुक मातीतल्या रोपाचा छेद शेजारी ठेवा. उपकरणांसाठी सरांना आत्ताच विचारून ठेवा, आणि प्रतिकारक बियाणं मामांनाही थोडं द्या.