सोसायटीच्या भिंतीबाहेरच्या मोकळ्या पट्टीत बाग करायला परवानगी लागते का?

तुमचा प्रश्न असा आहे: पुण्यात सोसायटीची भिंत आणि फुटपाथ यांच्यामध्ये चारेक फुटांची मोकळी पट्टी आहे, लोक तिथे राडारोडा आणून टाकतात, म्हणून तिथे झाडं लावून बाजूने तारेचं कुंपण करायचंय. परवानगी लागते का?

लागते. झाडांना बहुधा मिळेल, कुंपणाला मिळणार नाही.

आधी सोसायटीच्या कपाटातला मंजूर नकाशा काढा आणि भिंत नेमकी हद्दीवर आहे का ते बघा. पुण्यात पुष्कळ ठिकाणी बांधकामाच्या वेळी रस्तारुंदीसाठी पुढची जागा महापालिकेच्या ताब्यात गेलेली असते, भिंत मागे सरकलेली असते आणि रस्ता मात्र अजून रुंद झालेला नसतो. मधली पट्टी तशीच पडून राहते. रोज तिथला कचरा सोसायटीच उचलते, त्यामुळे सगळ्यांना ती आपलीच वाटायला लागते. पण कागदावर ती रस्त्याचा भाग असते आणि उद्या रुंदीकरण निघालं तर तुमच्या बागेची भरपाई कोणी देणार नाही. हे सभेत आधीच सांगून टाका.

कुंपण, जाळी, कट्टा, सिमेंटचे दगड, गाड्या लागू नयेत म्हणून ठेवलेले माती भरलेले ड्रम हे सगळं अतिक्रमणात मोडतं. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम 1949 च्या कलम 231 प्रमाणे रस्त्यावर विनापरवाना उभारलेली वस्तू आयुक्त नोटीस न देताही काढू शकतात. मला हा नियम योग्यच वाटतो. प्रत्येक सोसायटीने आपापल्या पुढ्यात जाळी ठोकली तर आजीआजोबांनी चालायचं कुठून? रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या मार्गदर्शिकेत (आयआरसी 103) चालायला किमान 1.8 मीटर रुंद आणि 2.2 मीटर उंच अशी मोकळी जागा सांगितली आहे. तुमचा फुटपाथ मोजा. अरुंद निघाला तर झुडपं पार भिंतीला चिकटवूनच लावा. बोगनवेल नको, काटे येणाऱ्याजाणाऱ्यांच्या तोंडाशी येतात. गेटच्या दोन्ही बाजूंना गुडघ्यापेक्षा उंच काही नको, नाहीतर गाडी बाहेर काढताना रस्ता दिसत नाही.

जमिनीखाली काय आहे हेही विचारून घ्या. अशाच पट्टीतून महावितरणची केबल, गॅसची लाइन, पाण्याची पाइप, इंटरनेटच्या नळ्या गेलेल्या असतात. आमच्या गल्लीत एका मिनी पिलरच्या (रस्त्याकडेच्या विजेच्या पेटीच्या) दाराला लागूनच कोणीतरी घाणेरीची जाळी वाढवली होती. पावसात फ्यूज उडाला तेव्हा वायरमनला आधी कोयता शोधावा लागला, मग बॅटरी. पिलरची आणि ड्रेनेजच्या चेंबरची दारं उघडतील इतकी जागा सोडाच.

आता झाडाबद्दल, कारण खरा विचार इथेच करायला हवा. महाराष्ट्र (नागरी क्षेत्र) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम 1975 साली आला. महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाच्या परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, मग ते खाजगी जागेतलं असो की रस्त्याकडेचं, आणि लावणारे तुम्हीच असलात तरीही. तोडायचं झालं की अर्ज, पाहणी, झाडावर चिकटवलेली नोटीस, लोकांच्या हरकती, हे सगळं ओघाने आलं. म्हणून रोप निवडतानाच तीस वर्षांनी त्याचा घेर केवढा असेल ते डोळ्यापुढे आणा. वड-पिंपळ मला जीव की प्राण, पण चार फुटांच्या पट्टीत नाही; भिंत आणि झाड दोघांचेही हाल होतात. गुलमोहराचं लाकूड ठिसूळ, वळवाच्या वाऱ्यात फांद्या खाली. कोनोकार्पस नर्सरीवाले हिरव्यागार पडद्यासाठी आवर्जून सुचवतील, त्यांना नाही म्हणा. गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली आहे. वरून तारा जात असतील तर ताम्हण किंवा कांचन, तारा नसतील तर बकुळ, बहावा. ताम्हण तर आपलं राज्यफूल, मे महिन्यात जांभळं होऊन जातं.

एक कळकळीची विनंती. पेव्हर ब्लॉक बसवणारे आले की कोणीतरी खाली उभं राहा. ते बुंध्याला घासून सिमेंट ओततात. आमच्या बाहेरच्या करंजाला असाच गळपट्टा बसला होता. साल सिमेंटवर फुगून आली होती आणि पावसाचं पाणी मुळाशी न जाता गटारात चाललं होतं. महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात लेखी तक्रार दिल्यावर माणसं आली आणि छिन्नीने ते फोडलं. दिल्लीसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 मध्येच झाडाभोवती एक मीटर जागा सिमेंटमुक्त ठेवायला सांगितलं होतं. आपल्या अर्जात तेवढीच जागा मागा.

कुंड्या ठेवणार असाल तर खाली ताटल्या नकोत. साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या सापडल्या तर महापालिकेची नोटीस सोसायटीच्या नावाने येते.

अर्ज महापालिकेच्या उद्यान विभागाला करा, प्रत क्षेत्रीय कार्यालयाला द्या. सोबत सोसायटीच्या सभेचा ठराव, पट्टीचे फोटो, हाताने काढलेला नकाशा, रोपांची नावं आणि पाणी कोण घालणार हे लिहून द्या. शेवटचा मुद्दा विसरू नका, कारण साहेब पहिला प्रश्न हाच विचारतात. पोच घेताना आवक क्रमांकाचा शिक्का बघून घ्या. राडारोड्याची तक्रार वेगळी करा, त्याच अर्जात घुसवलीत तर कागद दोन खात्यांमध्ये फिरत बसेल. आणि हे सगळं मार्चमध्ये सुरू करा, म्हणजे परवानगी हातात येऊन खड्डे मे अखेरपर्यंत खणून होतील आणि रोपं मृगाच्या पावसावर लागतील.