मुलाची सुंता आईवडिलांनी ठरवायची, की तो मोठा होईपर्यंत थांबायचं?

(प्रश्न थोडक्यात असा: मुलगा चार वर्षांचा आहे. घरातले मोठे "या सुट्टीत उरकून टाका" म्हणून मागे लागलेत. नवऱ्याची हरकत नाही, विचारणाऱ्या बाईंचं मन मात्र घेत नाही. हे ठरवायचा आईवडिलांना नैतिक अधिकार आहे का, आणि करायचीच तर कोणत्या वयात?)

"उरकून टाका" हे शब्द वाचले आणि हातातलं काम बाजूला ठेवलं. माझ्या वेळीही हेच शब्द होते.

मी सात वर्षांचा होतो. घरात सांगितलं, धाकट्या चुलत भावाची सुंता आहे, तो घाबरट, तू मोठा, त्याचा हात धरून बस. माझं काय, असं मी विचारलं तर अम्मी म्हणाली, तुझं पुढच्या वर्षी बघू. नवे कपडे मलाही आणले होते. खटकायला हवं होतं, पण मोठेपणा मिळाला होता ना, त्यात मी खूश.

चुलत भाऊ पाच वर्षांचा. माझा अंगठा त्याच्या मुठीत. त्याने विचारलं, दुखतं का? मी म्हणालो, "मुंगी चावल्यासारखं होतं." मला कुणीतरी सांगितलेलं, मी तसंच पुढे ढकललं. मग तो किंचाळला. त्याची नखं माझ्या अंगठ्यात रुतली, त्याला उचलून दुसऱ्या खोलीत नेलं, आणि मी त्याच्या मागे जायला उठलो तर दाराला आतून कडी. चाचांनी मागून काखेत हात घालून मला उचललं आणि त्याच जागी बसवलं. अब्बा खोलीतच होते. ते भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. कडी लावणारा माझा थोरला भाऊ, भाई. तेव्हा तो पंधराचा.

दुखलं, अर्थातच. पण ते दुखणं आज मला आठवत नाही. घड्याळ आठवतं. कडी आठवते. पुढचे आठ-दहा दिवस आम्ही दोघं शेजारी शेजारी पडून होतो, कमरेवर एकेक उलटी टोपली आणि तिच्यावर चादर, म्हणजे कापड जखमेला लागायला नको. लघवीच्या धास्तीने मी पाणीच प्यायचो नाही. पट्टी चिकटायची, मग कोमट पाण्याच्या घमेल्यात बसवून सुटायची वाट बघायची. चुलत भाऊ दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी छताकडे बघत म्हणाला, "मुंगी नव्हती."

आता चाळिशी ओलांडली. शरीराची काही तक्रार नाही, संसार ठीक चाललाय. "सुंता म्हणजे जन्मभराचा आघात" असं सरसकट लिहिणाऱ्यांचं मला पटत नाही, गेलेल्या कातडीसाठी मी कधी रडलो नाही. काही जण रडतात, त्यांना खोटं ठरवणारा मी कोण. अब्बांचा हात धरून झोपायची माझी सवय मात्र तेव्हापासून सुटली, आणि ती का सुटली हे त्यांना शेवटपर्यंत कळलं नाही.

म्हणून ताई, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर एकच आहे. चार वर्षांचं पोर बोलतं. जे पोर बोलतं, त्याला फसवून त्याच्या शरीराला हात लावायचा अधिकार कुठल्याच आईबापाला नाही. धर्म असो, आरोग्य असो, आजीची शेवटची इच्छा असो.

भाईला हे मान्य नाही. माझा मुलगा झाला तेव्हापासून आमचा हाच वाद. सातव्या दिवशी म्हणाला, आत्ताच करून टाक, या वयात त्यांना काही कळत नाही. हे साफ चूक आहे. १९९७ साली कॅनडातल्या संशोधकांचा एक अभ्यास आला. जन्मल्यावर लगेच सुंता झालेली बाळं चार-सहा महिन्यांनी लस टोचायला आणली, तर सुंता न झालेल्या बाळांपेक्षा ती जास्त कळवळून रडली. बाळाला सांगता येत नाही, एवढंच. पण भाईच्या बोलण्यात एक गोष्ट खरी होती आणि तेव्हा मी ती उडवून लावली. तान्ह्या बाळांत गुंतागुंत कमी होते. २०१० च्या एका मोठ्या आढाव्यात तान्ह्यांमध्ये ते प्रमाण साधारण दीड टक्का आणि मोठ्या मुलांमध्ये सहा टक्के निघालं, बहुतेक किरकोळ स्वरूपाची. म्हणजे थांबण्याची किंमत आहे आणि ती मुलगाच मोजतो.

मग भाई धर्मावर आला. मी म्हटलं, कुराणात सुंतेचा शब्द नाही. इस्लामी धर्मशास्त्राच्या शाफई परंपरेप्रमाणे ती वाजिब, म्हणजे बंधनकारक, हनफी आणि मालिकी परंपरांत सुन्नत, म्हणजे पाळावी अशी रीत पण सक्ती नाही, वयाबद्दल तर प्रत्येकाचं वेगळं. शिवाय ज्यांच्यापासून हे सुरू झालं त्या हजरत इब्राहिमांनी स्वतःची सुंता केली ती हदीसनुसार, म्हणजे प्रेषितांच्या वचनांच्या संग्रहानुसार, ८० व्या वर्षी, बायबलच्या हिशेबाने ९९ व्या. म्हणजे पहिली सुंता जाणत्या माणसाने स्वतःच्या मर्जीने केलेली! मला वाटलं, जिंकलो. भाई शांतपणे म्हणाला, त्याच बायबलात त्यांच्या मुलाची, इसहाकची, आठव्या दिवशी केली, त्याची मर्जी कुणी विचारली? यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही. ज्यू कुटुंबं आठवा दिवस पाळतात ते याच गोष्टीवर, आणि त्यांना "थांबा" म्हणणं म्हणजे "करू नका" म्हणण्यासारखंच आहे, हे मलाही कळतं.

मग कायदा. २०१२ च्या मे महिन्यात जर्मनीत कोलोनच्या न्यायालयाने निकाल दिला की धार्मिक कारणासाठी लहान मुलाची सुंता म्हणजे शारीरिक इजाच. योगायोग बघा, तो मुलगाही चार वर्षांचा. डॉक्टरांनीच केलेली, दोन दिवसांनी रक्तस्राव झाला म्हणून प्रकरण उघड झालं. त्या निकालाची बातमी मी भाईला वाचून दाखवली. सहा महिन्यांनी, डिसेंबरमध्ये, त्याने मला उलट बातमी दाखवली की तिथल्या संसदेने आईवडिलांना परवानगी देणारा कायदाच करून टाकला. आइसलँडमध्ये २०१८ साली सहा वर्षांपर्यंतच्या तुरुंगवासाचं विधेयक आलं, तेही बारगळलं. मला विचाराल तर बारगळलं ते बरंच झालं. तुरुंगाची भीती घातली की लोक डॉक्टर सोडून आडबाजूच्या खोलीत जातात, आणि आडबाजूच्या खोलीला कडी असते. त्यापेक्षा स्वीडनचं बरं वाटतं. २००१ पासून तिथे भूल दिल्याशिवाय कुणाच्या मुलाची सुंता करता येत नाही, मग करणारा कुठल्याही धर्माचा असो.

आरोग्याचं भाईचं हुकमी पान म्हणजे आफ्रिका. दक्षिण आफ्रिका, केनिया आणि युगांडा इथल्या तीन मोठ्या चाचण्यांत सुंता केलेल्या पुरुषांना स्त्रियांकडून होणारी एचआयव्हीची लागण साधारण ६० टक्क्यांनी कमी झाली आणि २००७ साली जागतिक आरोग्य संघटनेने जिथे साथ मोठी आहे तिथे ती सुचवली. हे खरं आहे, मी नाकारत नाही. पण त्या चाचण्यांतले सगळे जाणते पुरुष होते, त्यांना समजावून सांगितलं आणि त्यांनी होकार दिला. चार वर्षांच्या मुलाला या आजाराचा कसला धोका? तो धोका येईपर्यंत त्याला स्वतःचं डोकं आलेलं असतं. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना २०१२ मध्ये म्हणाली की फायदे तोट्यांपेक्षा जास्त आहेत, पण प्रत्येक बाळाची करा असं म्हणण्याइतके नाहीत. डच डॉक्टरांची संघटना त्याच्या दोन वर्षं आधी म्हणाली होती की वैद्यकीय कारण नसेल तर लहान मुलांची करूच नये. शरीर तेच, पुरावे बहुतेक तेच, आणि निष्कर्ष दोन टोकांचे. यावरून ज्याने त्याने काय ते समजावं. दक्षिण कोरियात तर धर्माचा संबंधच नाही. १९५० च्या दशकात अमेरिकी सैन्याबरोबर ही चाल आली, दोन पिढ्यांत जवळजवळ सगळ्या मुलांची व्हायला लागली, आणि मग लोकांनी विचारायला सुरुवात केल्यावर भराभर कमीही झाली. पूर्वापार म्हणवणाऱ्या काही गोष्टी आजोबांपेक्षा लहान असतात.

तुमच्या घरचे बहुधा आणखी एक सांगतील, "त्याच्या पुढच्या कातडीचं तोंड आवळलेलं आहे, करावीच लागेल." माझा मुलगा तीन वर्षांचा असताना लघवी करताना पुढे फुगा यायचा. पहिल्या डॉक्टरांनी दोन मिनिटांत "फायमोसिस, कापून टाकू" म्हटलं. भाईला काय आनंद! दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी मात्र चित्र काढून समजावलं. जन्मतः ती त्वचा आतून चिकटलेलीच असते, आणि वाढत्या वयात आपोआप सुटत जाते. गेर्डनर नावाच्या ब्रिटिश डॉक्टरने १९४९ सालीच हे नीट मांडून ठेवलंय. ओढू नका, ताणू नका, वरवर धुवा, एवढंच त्या म्हणाल्या, आणि काही आठवडे लावायला स्टिरॉइडचं मलम दिलं. फुगा गेला. तेव्हा "करावीच लागेल" कुणी म्हटलं तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवा. वारंवार संसर्ग होत असेल किंवा तिथे पांढरट, कडक वण धरला असेल तर गोष्ट वेगळी, तिथे नैतिकतेची चर्चा करत बसू नका.

मुलगा नऊ वर्षांचा झाल्यावर मी त्याला सगळं सांगितलं. टोपलीपासून कडीपर्यंत. बायको म्हणाली, एवढं कशाला, पोर घाबरेल. घाबरलाच. विचारलं, "दुखेल?" मी म्हटलं, "भूल देतील तेव्हा नाही, नंतर हो, आठ-दहा दिवस." म्हणाला, "मग आत्ता नको." मी म्हटलं, बरं. भाईने सहा महिने आमच्या घरी पाऊल टाकलं नाही.

अकराव्या वर्षी तो आपणहून म्हणाला, करून घेतो. ऑपरेशन थिएटरच्या दारापर्यंत मी गेलो, दार ढकललं की उघडणारं होतं, ते मी आधीच दोनदा ढकलून बघितलं होतं. नर्स हसली. झालं सगळं व्यवस्थित, फक्त बरं व्हायला तीन आठवडे लागले आणि त्यातला पहिला वाईट गेला.

भाई बघायला आला आणि म्हणाला, "मग काय मिळवलंस? शेवटी केलंसच ना. तान्हा असताना दोन दिवसांत विसरला असता, आता तीन आठवडे पोराला लोळवलंस." मी काहीतरी मोठ्या आवाजात बोललो, ते इथे लिहीत नाही. पण रात्री झोप आली नाही. कारण सगळ्या चुलत-मावस भावांची झालेली, हा एकटाच राहिलेला. त्याला वेगळं पडायचं नव्हतं. तो होकार म्हणायचा की कंटाळा? मी त्याला मोकळीक दिली असं मला वाटतं, आणि ती मोकळीक त्याच घरात दिली जिथे उत्तर आधीच ठरलेलं होतं. तरीही मी पुन्हा तेच करीन. भाई, तू हे वाचत असशील तर, पुन्हा तेच करीन.

मुलींच्या सुंतेशी तुलना करणारे खाली येतीलच, म्हणून आत्ताच सांगतो. त्यात आरोग्याचा एकही फायदा नाही, अपाय मोठा आहे, आणि त्यावर "घरच्यांचा निर्णय" म्हणून चर्चा करायला मी तयार नाही. पण "मुलांचं वेगळं, ते चालतं" एवढ्यावर जे थांबतात, त्यांनी का चालतं याचं उत्तर द्यायला शिकावं. मलाही ते पुरतं देता येत नाही.

राहिलेल्या गोष्टी. तुम्ही आणि नवरा, दोघांचं एकमत नसेल तर करू नका. ब्रिटनमध्ये वडील मुस्लिम, आई ख्रिश्चन असं एक प्रकरण न्यायालयात गेलं होतं आणि एका पालकाची हरकत असताना दुसऱ्याने परस्पर सुंता करायची नाही असंच तिथे ठरलं. तुमच्या प्रश्नावरून वाटतं की तुम्हाला कुणी विचारलंच नाहीये. आधी ते मिटवा. करायचंच ठरलं तर डॉक्टरकडे, भूल देऊन, आणि मुलाला आदल्या रात्री नाही, आठवडाभर आधी सांगून. घराण्यात रक्त न थांबण्याचा त्रास असेल तर तपासणी आधी. लघवीचं छिद्र टोकाऐवजी खालच्या बाजूला असेल तर तान्हेपणीसुद्धा सुंता करू नका, ते दुरुस्त करायला तीच त्वचा लागू शकते. हे मी सगळ्यात आधी लिहायला हवं होतं.

वय मी सांगितलं नाही, हे मलाही दिसतंय. माझ्या त्या चुलत भावाला विचाराल तर तो पहिला महिना म्हणेल. त्याने त्याच्या दोन्ही मुलांची तेव्हाच केली, भूल देऊन, चांगल्या डॉक्टरकडे. म्हणाला, "यांना कुणी काही खोटं सांगायला नको." माझ्या सगळ्या म्हणण्याच्या हे उलट आहे, आणि भाईशी मी ज्या तोंडाने भांडतो ते त्याच्यापुढे उघडत नाही. मुंगीचं त्याला मीच सांगितलं होतं.