पावसानंतर ट्रॅव्हल ट्रेलरमध्ये (गाडीमागे ओढायच्या फिरत्या घरात) ओल येते. गळती नेमकी कुठे आहे हे कसं शोधायचं?

ओल दिसते तिथेच फट असेल असं धरू नका. छपरातून शिरलेलं पाणी आतल्या चौकटीवरून सरकत बरंच लांब जाऊन टपकतं. सगळे नळ बंद असतानाही ट्रेलरचा पाण्याचा पंप मधूनच सुरू होत असेल, तर आधी पाइप तपासा. नाहीतर बाहेरून होजने हलकं पाणी सोडा, पण खालून वर, एका वेळी एकच जोड. आत कुणाला तरी टॉर्च घेऊन बसवा. वरून सुरुवात केली की ओघळच फसवतात.

दुरुस्तीला सिलिकॉन फासू नका, कृपया. नंतर त्यावर दुसरं सीलंट नीट धरत नाही. जोडावरची गळकी पट्टी काढा, जुना थर खरवडा, नवी ब्यूटिल टेप (फट बुजवणारी रबरासारखी चिकट टेप) लावून पट्टी परत बसवा. आणि आतलं लाकूड पूर्ण सुकल्याशिवाय फट बुजवू नका, कोंडलेल्या ओलीने ते कुजतं.